दिसत नाही, ऐकू येते

आज अंगणात आमसुलं वाळत घातली आणि त्या आंबूस वासाने तोंडवलीतल्या आमच्या घराशेजारी पर्यटकांसाठी बांधलेल्या खोलीचे सुरुवातीचे दिवस आठवले. बांधून कित्येक महिने झाले तरी ती रिकामीच होती. अखेर पुण्याहून एकाचा फोन आला, “खोलीतून समुद्र दिसतो का?” मी माडांचं, वाऱ्याचं वर्णन लांबवत राहिलो. तेव्हा पत्नीने कोकमांनी लाल झालेल्या हाताने रिसीव्हर घेतला.

“समुद्र दिसना नाय. गाज आयकाक येता. येवा.”

मी वैतागलो. ती म्हणाली, “खोटा सांगून तुमी बोलवतल्यात, आणि जेवक वाढतलंय मी.”

तो आला आणि दरवर्षी येत राहिला.

तिला जाऊन आता वर्ष होईल. मघाशी फोनवर कुणीतरी तेच विचारलं. मी तिचेच शब्द सांगितले. पलीकडचा हसला, “येतो.”