पश्चिमेच्या भिंतीला सिमेंट

आमच्या घराची पश्चिमेची भिंत अठरा फूट लांब, नऊ फूट उंच आणि दोन फूट जाड होती. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढऱ्या मातीची. तसली माती मी घनफुटी खोक्यात ठासून भरली आणि वाण्याच्या काट्यावर तोलली. शंभर पौंडांना थोडी कमी भरली. म्हणजे सगळी भिंत झाली चौदा टन. निम्मी आत कोसळली तरी सात टन, आणि माझ्या सासऱ्यांची बाज भिंतीपासून दीड फुटावर. शाळेत मुलांना गणितं घालून दिली की मी फळ्याशी उभा राहून मनात हेच गणित करत असे.

भीतीला कारण होतं. दुसरी मोठी लढाई संपली त्या पावसाळ्यात शेजारच्या आळीतली अशीच एक भिंत भरदुपारी पडली. खाली एक बाई आणि दोन शेळ्या. माती उपसणाऱ्यांत मीही होतो. माझ्या हाताला आधी बाईचा हात लागला. तो अजून गरम होता, म्हणून आम्ही घाई केली. उपयोग झाला नाही.

सासऱ्यांचं डावं अंग लुळं पडलं होतं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ते आमच्याकडे होते. खोलीला खिडकी एकच, आणि ती त्या भिंतीत. तिच्यातून काष्टीच्या बाजाराचा रस्ता दिसे. बाज सरकवायची मी गोष्ट काढली, तर म्हणाले, "जावईबापू, अर्धा मेलोय. उरलेल्या अर्ध्याला रस्ता तरी बघू द्या."

भिंतीला बाहेरून मातीचा गिलावा असे. माती, भुसा आणि शेण कालवून दर उन्हाळ्यात बायको तो हाताने चढवी. पश्चिमेचा पाऊस तो धुऊन नेई आणि ती पुन्हा चढवी. मला आता टिकाऊ काहीतरी हवं होतं. तीन गोष्टी पुढे होत्या. नगरच्या छावणीतला जुना पत्रा मिळत होता, पण तो ठोकायचे खिळे मातीत धरणार नव्हते. भाजक्या विटांचा थर लावायचा तर त्याला वेगळा पाया लागला असता, आणि पाया खणताना जुन्या भिंतीचं बूड उघडं पडलं असतं. उरलं सिमेंट. ते परमिटवर मिळे. श्रीगोंद्याच्या कचेरीत मी पाच खेपा घातल्या.

गावातला म्हातारा गवंडी ऐकून हसला. "गुरुजी, मातीला सिमिट धरत न्हाई, निस्तं चिकाटतं. नव्या नवरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्यागत."

"आपल्या शाळेच्या भिंतीला कसं धरलं?"

"शाळा दगडाची हाय की!"

बायको एवढंच म्हणाली, "अहो, भिंतीला घाम येतो. मी दर वर्षी हात लावते ना, मला ठाऊक आहे."

घामाचा आकडा मला कोणी दिला नाही. सिमेंटचा पाऊण इंच थर मला समजत होता. मी तो लावून घेतला. गवंड्यानेच लावला, कुरकुरत, पण लावला चांगला. भिंत पाटीसारखी सपाट झाली.

पाऊस सुरू झाल्यावर मी रोज सकाळी ओळंबा लावू लागलो. भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडायची, खाली शिशाचा गोळा, आणि दोरी ते भिंत हे अंतर तीन ठिकाणी पट्टीने मोजायचं. भिंत बाहेर फुगली तर अंतर कमी होणार. एकवीस दिवस सुताइतकाही फरक पडला नाही. बाहेरून भिंत ठीक होती म्हणजे आतूनही ठीक असणार, असं मी धरून चाललो.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन बाहेर उभा असताना बायको आली आणि तिने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं. मग दोन हात पुढे सरकून पुन्हा केलं.

"इकडे या," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "ऐका."

आवाज रिकाम्या डब्याचा होता. कमरेच्या उंचीपासून खाली, जवळजवळ सगळ्या लांबीभर. पाणी मातीच्या सपाट धाब्याच्या कडेने वरून भिंतीत शिरलं होतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. आतली माती भिजून सिमेंटपासून सुटली होती. एकवीस दिवस मी एका टरफलाची मोजणी करत होतो.

भिंतीपलीकडे सासरे कुणाला तरी रस्त्यावर हाक मारून बाजारभाव विचारत होते.

मी धावत गवंड्याला आणलं. त्याने टकटक ऐकली आणि भिंतीवरचा हात काढून घेतला. मग हळू म्हणाला, "आदी म्हाताऱ्याला काडा. लई दणका नको."

बाज खोलीतच विणलेली, दारातून उभी करूनच निघायची. म्हणजे माणूस आधी उचलायला हवा. आम्ही त्यांच्याखाली घोंगडी सारली. भिंतीकडची दोन टोकं मी धरली. कारण खांदा भिंतीला घासणार होता, आणि ते दुसऱ्याला सांगायची मला लाज वाटली. बायको आणि गवंडी दाराकडच्या बाजूला. दारापर्यंतचं अंतर चार पावलांचं होतं. माझी पाठ ओल्या गार मातीला दोनदा लागली. दुसऱ्या वेळी मागे काहीतरी भुरभुरलं. मी मेलो असं मला वाटलं.

"जावईबापू, घोंगडी हलतीया," सासरे म्हणाले. "थंडी वाजतीय का?"

"गप्प बसा हो, दादा!" बायको ओरडली. बापावर ओरडताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ते अंगणात पोचल्यावर गवंड्याने बाहेरून बुडाशी पहारीने एक भोक पाडलं. गढूळ पाणी आलं. आणखी एक पाडलं. तिसऱ्याला तो ओरडला, "सरा!" आणि सिमेंटचं अख्खं पान, हातभर चिखल घेऊन, बाहेरच्या बाजूला आडवं झालं. धाबं लाकडी खांबांवर होतं, ते राहिलं. वीतभराहून कमी जाडीची उरलेली भिंतही राहिली. का राहिली ते गवंड्यालाही सांगता आलं नाही.

ऊन पडेपर्यंत तिला लाकडांचे टेकू दिले. वाळल्यावर गवंड्याने मातीचे रद्दे, थरावर थर, भरून जाडी पुरी केली आणि बायकोने वर गिलावा चढवला. या वेळी मी तिला आकडा विचारला नाही. माती मळून दिली.

सासरे खिडकी मागू लागले. बाज परत ठेवण्याआधी मला एखादा आकडा हवा होता, कितीही लहान, ज्यावर विश्वास ठेवता येईल. तो सापडला नाही. मग आठ दिवस मी माझं अंथरूण त्यांच्या जागी, भिंतीलगत घातलं. नवव्या दिवशी त्यांना आणलं. ते लगेच रस्त्याकडे बघू लागले आणि कुणाची बैलजोडी नवी आहे ते सांगू लागले. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. त्या भिंतीकडे पाठ करून जायची मला हिंमत होत नव्हती.