दत्तारामने भरलेली बॅटरी

बॅटरी चार्ज करायच्या दुकानात किस्से साठणारच! बॅटरी लावून झाली की गिऱ्हाईक बाकड्यावर टेकतं, आणि टेकलेला पेडणेकर गप्प बसेल तर शपथ!

पेडण्याच्या बाजारात हे दुकान माझा चुलतभाऊ दत्ताराम आणि मी चालवायचो. चार्जर त्याचा, तोंड माझं. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हाचे दिवस. वीज लहरीवर यायची, त्यामुळे जत्रा, नाटक, लग्न, सगळं आमच्या बॅटऱ्यांवर. दत्तारामचा शब्द होता, "मी भरलेल्या बॅटरीवर कार्यक्रम मधेच बंद पडायचा नाही!" त्या शब्दावर दुकान उभं होतं. एकदा जरी बंद पडला असता, तर गिऱ्हाईक सरळ म्हापशाला गेलं असतं.

*

डिचोलीचा एक सोनार आपली टीव्हीची बॅटरी घेऊन आला. नेताना म्हणाला, "थांबा, घरून वजन करून आणलेली आहे." समोरच्या दुकानातल्या काट्यावर त्याने ती चढवली. वजन तेवढंच!

"काय भरलंत ह्यात?"

दत्ताराम हसला. "शेट, वीज आत ओतत नाहीत. चार्जरची वीज आतल्या शिशाच्या प्लेटी आणि ॲसिड बदलते. दिवा लावलात की तोच बदल उलटा फिरतो आणि वीज परत मिळते. झोप काढून उठलेल्या माणसाचं वजन वाढतं काय?"

सोनाराला पटेना. मग दत्तारामने काचेच्या नळीत ॲसिड ओढून दाखवलं. नळीतला मापाचा काचेचा फुगा चांगला वर तरंगत होता. "बॅटरी भरली की ॲसिड दाट होतं, ही त्याची खूण."

सोनार खूश. "बघा! कुठेतरी वजन वाढलंच!"

*

पार्से गावच्या बाबल्याला दत्तारामने बजावलं होतं, "बॅटरीत विहिरीचं पाणी घालू नकोस. वाफ थंड करून केलेलं पाणीच घाल." बाबल्याच्या काजूच्या बागा, घरची दारूची भट्टी.

पंधरवड्याने बॅटरी आली ती मेलेलीच. दत्तारामने झाकण उघडून वास घेतला आणि डोक्याला हात लावला. "अरे, ह्यात हुर्राक घातलीस?"

"मगे? वाफेचांच मां तां? माज्या भट्टयेचां!"

ती बॅटरी गेली. पण बाबल्याने सोबत आणलेल्या बाटलीतली हुर्राक काही वाया गेली नाही!

*

एक नवरदेव मुंडावळ्यांसकट दुकानात हजर. जीप बंद, मुहूर्त जवळ. "अर्ध्या तासात भरून दी!"

"जमणार नाही. घाईने वीज कोंबली की बॅटरी तापते, प्लेटी वाकतात."

"आणि माझां लगीन?"

दत्तारामने आमच्या व्हॅनची बॅटरी काढून त्याच्या जीपला लावली. लग्न वेळेवर लागलं. आम्हाला आमंत्रण होतं, तेव्हा आम्ही चालत जेवायला गेलो!

*

राज्य झालं त्या दिवशी देवळासमोर टीव्ही मांडला होता. वीज नव्हती, बॅटरी आमची. सगळा गाव जमला. पण सकाळपासून पोरांनी त्याच बॅटरीवर स्पीकर लावून गाणी वाजवली होती. टीव्हीवर सोहळा सुरू झाला आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसायला लागलं.

"दत्ता, तुजो शब्द गेलो रे!" कोणीतरी ओरडलं. दत्ताराम पांढराफटक.

वडाखाली म्हापशाची बस उभी होती. तिचा ड्रायव्हर महादू कोल्हापूरचा. तोच पुढे आला. "माझ्या गाडीची घ्या की! तुमीच भरलीया. आनि राज्य काय तुमच्या एकट्याचं हाय व्हय?"

बॅटरी बदलली, चित्र पडदाभर पसरलं. "गोवा राज्य" हे शब्द ऐकले आणि मला रडू आलं, लाज कसली! दत्ताराम ताठ मानेने उभा होता. मग त्याच बॅटरीवर स्पीकर लागला, भाषणं झाली, बायकांनी माईकवर फुगड्यांची गाणी म्हटली. काही म्हणजे काही बंद पडलं नाही.

बंद पडली ती बस! बॅटरी परत बसवून महादूने चावी फिरवली, नुसतं घर्र. सगळे खाली उतरले. सरपंच, भटजी, मराठी-कोकणीच्या वादावरून वर्षभर अबोला धरलेले दोन मास्तर, सगळ्यांनी खांदा लावला. म्हापशाच्या बाजाराला निघालेल्या काशीबायनेही टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि जोर लावता लावता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"राज्य मेळलां, आनी पयल्याच दिसा आमकां ढकलूक लायलां!"