बायको विसरल्याचा वाढदिवस

आमच्या स्कूटरच्या मिस्त्रीला माणसांचं बोलणं ऐकूच येत नाही, फक्त इंजिनाचं येतं. आपण तक्रार सांगत असतो आणि हा डोळे मिटून, मान तिरकी करून म्हणतो, "तुमी गप ऱ्हावा साहेब, तिला बोलू द्या."

लग्नानंतर महिन्याभरातच या कानसेनानं बायकोला फुलंब्रीत विसरण्याचा पराक्रम केला. ती पेरू घ्यायला उतरली आणि हा मागच्या रिकाम्या सीटला इंजिन समजावत थेट हर्सूलपर्यंत आला! तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी दोघं फुलंब्रीला जातात, त्याच गाड्यावरचे पेरू खातात, पेढे वाटतात. परत निघताना बायको गुपचूप उतरून परीक्षा घेते, आणि हा बहाद्दर दरवर्षी नापास होतो.

यंदा आम्हा नवराबायकोलाही आमंत्रण होतं. पेरू-पेढे झाल्यावर त्यानं परतीची किक मारली. ती मागं बसली, आम्हाला डोळा मारला आणि गाडी हलताच अलगद उतरली.

"गेला बघा!" मी टाळी मागितली.

वीस पावलांवर गाडी थांबली. मागं न बघताच तो ओरडला, "उतरलीस व्हय गं? आवाज हलका यायलाय!"

ती तिथंच उभी. डोळे भरलेले, पण जीभ शाबूत. "अवो, आता पुढल्या वर्सी पेढे कशाचे वाटायचे?"

"पास झाल्याचे! बस मुकाट्यानं."

माझी बायको माझ्याकडे वळली. "तुमच्या लक्षात आलं असतं?"

मी अख्खा पेरू तोंडात कोंबला.