अक्काचा सरवा

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात सिनेमा दाखवणारी एक मोटार आली आणि चावडीच्या भिंतीवर तिनं आम्हाला फुकटात अमेरिका दाखवली. रुंद रस्ते, पूल, धरणं. माणसं आ वासून बसली. मग गव्हाच्या शेतातून एक अवाढव्य यंत्र गेलं. कापणी, मळणी सगळं त्यानंच उरकलं आणि दाणे थेट मालट्रकमध्ये ओतले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

माझी विधवा आत्या, जिला सगळे अक्का म्हणत, सरव्यावर जगायची. कापणी झाली की शेतात पडून राहिलेली कणसं गरिबानं वेचून न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. भिंतीवरचं ते साफ झालेलं शेत ती एकटक बघत होती.

"तठे मी काय खासू?" तिनं विचारलं.

सगळे हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

सरवा वेचताना अक्का दोन-चार कणसं पाखरांसाठी मागं सोडायची. त्या वर्षी ज्वारी निघाल्यावर मी तिच्या मागोमाग शेतात गेले. तिनं एकही कणीस मागं सोडलं नाही. पाखरं ढेकळांवर उतरत होती आणि रिकामीच उडत होती.