नळ्यांवर पहारा

"यात पाणी कोणी ओतलं?"

"मी ओतलं. आटलं होतं."

"आटलं नव्हतं. तेवढंच घालायचं असतं."

"अगं, नळ्या अर्ध्या उघड्या पडल्या होत्या! खालची बाजू शिजेल, आणि वरच्या बाजूने काय हवा खात बसायचं?"

"वरच्या बाजूला वाफ असते. तुम्ही दर थोड्या वेळाने झाकण उचलून तिला बाहेर काढता ते सोडा."

"बघितलं फक्त."

"सकाळपासून घरात तेवढंच चाललंय. बघणं फक्त."

तिने डाव घेतला आणि पातेल्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात काढायला सुरुवात केली. नळ्या कोकराच्या होत्या. मटणवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवून आणलेल्या. तेलात सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतल्या, मग कांदा, गाजर, लसूण, टोमॅटो, तमालपत्र, मिरे, आणि अर्ध्यापर्यंत येईल एवढंच पाणी. वर जड झाकण आणि खाली जेमतेम जिवंत राहील एवढी आच. एकदा झाकण ठेवलं की पुढचं काम म्हणजे काहीही न करणं. आठवडाभर ती कुकरच्या शिट्ट्यांवर घर चालवायची. रविवारी हे एवढं पातेलं तिला घाईशिवाय शिजवायचं असायचं. आणि त्यात आज तिच्या नवऱ्याने तांब्याभर गार पाणी ओतलं होतं.

गल्लीत तिला चष्मेवाली म्हणत. दुकान तिचं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूच्या अरुंद खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. गिऱ्हाइकांना ती दिसायचीही नाही. काच घासताना ओलसर पांढरा चिखल मनगटापर्यंत उडायचा, आणि सगळं जमून आलं की काच फ्रेममध्ये टक करून बसायची. त्या टकचं सुख तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, "त्यात काय, डब्याचं झाकणपण तसंच बसतं."

नवरा पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. जन्मभर नट, बोल्ट, वॉशर यांचा हिशेब. निवृत्त झाला आणि कोठार सुटलं, पण सवय घरी आली. साबण किती उरले, काडेपेट्या कुठे गेल्या, तिखटाचा डबा अर्धा कसा झाला. दुपारी फ्रिज उघडून उभा राहायचा आणि आतलं सामान बघून पुन्हा बंद करायचा. "पगार थांबला, पण ड्युटी चालूच आहे याची," सासूबाई म्हणायच्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तर बिस्किटांचा पुडा आपल्या कपाटात हलवला होता.

चाललं होतं तसं चाललंही असतं. पण मालकांनी दुकान हलवायला पुलापलीकडे मोठी जागा घेतली. मागचं काचांचं काम तिने सांभाळावं, दोन नव्या मुलींना शिकवावं, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर सोमवारी हवं होतं. नवऱ्याने ते तिच्या आधीच देऊन टाकलं होतं, निदान घरात तरी. "सोड आता. पुष्कळ केलंस. दोघं निवांत बसू." या 'निवांत'ची तिने धास्ती घेतली होती.

"एक पातेलंसुद्धा माझ्या मनासारखं होऊ देत नाही तुम्ही," ती डाव आपटून म्हणाली. "आणि उद्यापासून मी चोवीस तास घरात? मग काय, माझ्या श्वासांची मोजदाद ठेवाल?"

"तुला बाहेर जायचंच आहे. घरात मी आहे ना, म्हणून."

"मला माझं काम करायचंय."

"कर. तू काम कर, ती कॉलेजला जाईल, आई झोपेल." तो ओट्यावरचा कोरडा भाग फडक्याने पुसू लागला. "मी दिवसभर काय करू तेवढं सांग."

ती थांबली. इतके दिवस तिला वाटत होतं, बायको अजून नोकरीला जाते हे याला खुपतंय. भांडण तिने त्याच तयारीने केलं होतं.

काढलेलं पाणी तिने बाजूला ठेवलं, झाकण लावलं, आच परत बारीक केली.

"हे करा," ती म्हणाली. "पातेलं तुमच्या ताब्यात. झाकण उघडायचं नाही, गॅस वाढवायचा नाही, आणि दुसऱ्या कोणालाही हात लावू द्यायचा नाही. मी पडते जरा."

"कळणार कसं शिजलं ते?"

"झाकणाच्या कडेने वाफ येते का बघा. आतून मधूनमधून बुडबुड ऐकू आली पाहिजे. खळखळ ऐकू आली तर मला उठवा."

ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने सासूबाईंची काठी स्वयंपाकघराकडे वळली.

"बघू रे, मीठ बेताचं आहे ना."

"हात लावायचा नाही."

"अरे, मी तुझी आई आहे!"

"असशील. चिठ्ठीशिवाय कोठारातून काही निघत नाही."

"जन्म दिला तेव्हा चिठ्ठी मागितली नव्हतीस मेल्या!"

मग मुलगी. "बाबा, काय वास सुटलाय! एक चमचा रस्सा फक्त."

"फक्त म्हणून काही नसतं."

पलंगावर तिने उशीत तोंड खुपसून हसू दाबलं आणि मग तिला खरंच झोप लागली.

जाग आली तेव्हा घरभर वास भरला होता. तो अजून स्टुलावरच होता. मांडीवर परात, परातीत सोललेले बटाटे. कोणी सांगितलं नव्हतं. सालं एवढी जाड काढली होती की बटाट्यांची सुपारी झाली होती.

"खळखळ एकदाही नाही," त्याने पातेल्याकडे मान करून सांगितलं. "मध्ये एकदा बुडबुड थांबली. मी घाबरलो. पण उघडलं नाही. परत सुरू झाली."

"उघडा आता."

त्याने दोन्ही हातांनी झाकण उचललं. मांस आक्रसून हाडाच्या टोकावरून खाली सरकलं होतं. तिने त्याच्या हातात चमचा दिला. त्याने मागच्या बाजूने हलकेच दाबलं, आणि मांस हाडावरून अलगद सुटलं. चमचा त्याने परत दिला नाही.

संध्याकाळी चौघं जेवायला बसली. उकडून कुस्करलेले बटाटे, पाव आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक नळी. सासूबाईंनी हाडातला गर चोखून काढला. "बिनदातांच्या माणसाचं जेवण आहे हे. आजवर कुठे होतं?"

"दर वेळी हेच म्हणतेस तू आजी."

"दर वेळी तुझी आई करते. आज पोराने केलंय."

"रस्सा जरा पातळच झालाय," तो म्हणाला. तसं दुसरं कोणीही म्हणालं नव्हतं.

"सकाळचं पाणी आहे ते," ती म्हणाली. "थोडं उरलंच आत."

त्याने मान डोलावली आणि पावाच्या तुकड्याने ताट स्वच्छ पुसून घेतलं. मुलीने आणखी बटाटा मागितला. त्याने उठून वाढला.

तिने बोटं पुसली.

"उद्या मालकांना मी हो सांगणार आहे. सकाळी लवकर निघावं लागेल, परत यायला उशीर होईल. संध्याकाळचा स्वयंपाक उद्यापासून हे करतील."