पळपुट्याची पोर

शिवणवालीला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. सारं आयुष्य मशीनवर गेलेलं, त्यामुळे खुर्चीत बसली तरी पाय आपले खालीवर. जुन्या दफ्तरांच्या कचेरीत त्या दिवशी कारकून शेवटी म्हणालाच, "बाई, टेबल हलतंय. अक्षरं नाचतात."

"नाचू द्या की. निदान ती तरी खुशीत आहेत."

घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली आणि रोज तिचा एकच प्रश्न, "सापडला का गं माझा बाप?" आईचा बाप लढाईवर जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही. सैन्याच्या यादीत त्याचं नावही निघालं नाही. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? म्हणाले, लढाईचं निमित्त करून पळाला. पुढे आई सासरी आली, तर नणंदेने तिचं नावच पाडलं, पळपुट्याची पोर. ती नणंद अजून आहे, दात गेले पण जीभ शाबूत. डोळे मिटायच्या आत हा डाग निघावा, एवढंच आईचं मागणं.

त्या काळची शिरगणती आगीत खाक झालेली. सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची मोजदाद तेवढी दुसऱ्या इमारतीत होती म्हणून वाचली. तिच्यात आजोबांचं नाव शोधून शोधून शिवणवालीचे डोळे शिणले.

"नावाने नका शोधू," कारकून म्हणाला. "मोजणारा दारोदार फिरायचा आणि त्याच ओळीने लिहायचा. तुमच्या आजीची गल्ली धरा."

गल्ली आईने हजारदा सांगितलेली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा लंगडा मुलगा सापडला, मग लोहाराचा भाऊ. बोट सरकत आजीच्या दारात आलं. आजीचं नाव होतं! पुढे लिहिलेलं, विधवा, नवरा आघाडीवर ठार. पण नवऱ्याचं नाव आजोबांच्या धाकट्या भावाचं. तो तर मिसरूड फुटायच्या आधीच तापाने गेलेला.

तिने हे सांगितलं तसा कारकून हसला. "भरतीला वयाची अट असायची. वय उलटलेले लोक धाकट्याचे कागद दाखवायचे. मेलेला भाऊ काय तक्रार करणार?"

शिवणवाली जवळजवळ पळतच घरी आली. चपलाही न काढता आईला सगळं सांगून मोकळी झाली.

"म्हणजे पळाला नाही," आई म्हणाली. डोळ्यांना धार लागलेली. "लढला."

"हो गं आई."

आई एकदम कोपरावर उठली. "मोजणाऱ्याला हे सांगितलं कुणी?"

"आजीनेच. घरात दुसरं होतं कोण?"

"म्हणजे तिला माहीत होतं! मी पोरांच्या चिडवण्याने रडत घरी यायची आणि ही मूग गिळून गप्प?"

"कागद खोटे होते ना. घाबरली असेल. पेन्शनसुद्धा मागितली नाही कधी."

"सरकारच्या माणसाला सांगताना नाही घाबरली?"

शिवणवाली उगाच चादर सारखी करत राहिली.

"ती चादर सोड आणि तुझ्या आत्याला फोन लाव," आई म्हणाली. "आधी बापाचं सांगून टाकते. आईशी भांडायला वर जायचंच आहे मला."

पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना.

"परत लाव," आई म्हणाली.