हिरव्या दोऱ्याची पट्टी

बातमी आली तेव्हा मी कामठ्याजवळच्या आमच्या धानाच्या बांधीत लाखोरीचं पीक पाहत उभा होतो. धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोरी टाकायची आणि ती कितपत आली हे रोज उगाच जाऊन पाहायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. फोन वनिता बोपचे मॅडमच्या हाताखालच्या एका विशेष शिक्षिकेचा होता. "सर, मॅडम नाही राहिल्या," ती म्हणाली. कावीळ झाली होती, नागपूरला नेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. आठवड्यात परत येतील असं मी धरून चाललो होतो. मेलेल्या माणसाबद्दल पहिला विचार काय यावा यावर आपला ताबा नसतो. माझ्या मनात आलं, अरे, त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर मिळायचं राहूनच गेलं की... मग बांधावर बसलो आणि बराच वेळ रडलो. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

बोपचे मॅडमकडे आमच्या तालुक्यातल्या शाळांचं समावेशित शिक्षणाचं काम होतं. ज्या लेकराला ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही, किंवा जे इतरांसारखं वागत नाही, त्याला गावच्या शाळेतच कसं शिकवायचं हे बघायचं, आणि शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षकांना सांभाळायचं. काम मोठं, खुर्ची लहान, आणि स्कूटी जुनी. त्यांचा एक नियम होता, त्यावरून आम्ही मुख्याध्यापक मंडळी त्यांची भरपूर टिंगल करत असू. लेकराची फाईल उघडायच्या आधी त्या वर्गात लेकराच्या जागेवर जाऊन बसायच्या. तिथेच, खाली, बसकरपट्टीवर, मांडी घालून, साडीचा पदर खोचून. एक तास, कधी अख्खा दिवस. त्यांच्या सगळ्या शिक्षकांनाही हाच हुकूम. "आधी जागा, मग लेकरू, मग फाईल," असं त्या बैठकीत इतक्यांदा म्हणायच्या की आम्ही मागून ओठ हलवून दाखवायचो. आमच्यात त्यांचं नाव पडलं होतं, बसणाऱ्या मॅडम. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं काडीचंही वाटत नव्हतं.

माझी शाळा दोन शिक्षकी. तिसरी-चौथी एका खोलीत, आणि मुख्याध्यापक म्हणून मिरवणारा मीच त्यांचा शिक्षक. मी टापटिपीचा माणूस आहे. बायको म्हणते, टापटिपीचा नाही, छळाचा. पोषण आहार त्याच खोलीत वाढला जायचा, आणि जेवण झालं की माझ्या देखरेखीखाली सगळ्या बसकरपट्ट्या उचलायच्या, अंगणात झटकायच्या, खोली झाडायची आणि पट्ट्या पुन्हा अंथरायच्या. माझ्या वर्गात खिचडीचं शीत सापडलं तर दाखवा, असं मी केंद्राच्या बैठकीत छाती काढून सांगत असे. तिसरीत तेव्हा तृप्ती नावाची मुलगी आली. आठ वर्षांची, बोलणं जवळजवळ नाही. सकाळी यायची, आपल्या जागी बसायची, पाटीवर धानाच्या पोत्याला घालतात तसे टाके काढत राहायची. कोणाला त्रास नाही. पण जेवण झालं की दाराशी यायची, चौकट धरायची आणि तिथेच थिजायची. आत पाय टाकायची नाही. मी बोलावलं, दामटलं, एकदा दंड धरून ओढलं. तिने माझ्या मनगटाला असा चावा घेतला की खूण आजही आहे.

का येत नसेल, यावर शाळेत मतं फार. माझा सहशिक्षक म्हणाला, नखरे आहेत. खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाई म्हणाल्या, पोरीला नजर लागली. मी म्हणालो, शिस्त नाही. स्वमग्नता हा शब्द मी एका प्रशिक्षणात ऐकला होता आणि चहाबरोबर विसरलो होतो. शेवटी मी पत्र लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात. सदर विद्यार्थिनी सर्वसाधारण शाळेत शिकण्यास अपात्र असून तिला नागपूर येथील निवासी विशेष शाळेत पाठवावे. बापाने थोडं थांबून सही केली. आईने केली नाही. ती धान कापून तशीच शाळेत आली होती, ओच्यात विळा. "सर, तिले झोपाले माहा हात लागते," ती म्हणाली. "तिकडं कोन हात देनार?" मी म्हणालो, तिकडे सगळी सोय असते. काय सोय असते ते मला अर्थातच माहीत नव्हतं. आता फक्त बोपचे मॅडमची शिफारस लागत होती, आणि ती मिळाली की तृप्तीचं नाव माझ्या हजेरीतून निघणार होतं.

त्या आल्या, पत्र न वाचताच पर्समध्ये टाकलं आणि विचारलं, "कुठं बसते?" तृप्तीला थोडं सरकवून तिच्याशेजारी तिच्याच पट्टीवर बसल्या. दिवसभर बसल्या. जेवायला मुलांच्या पंगतीत, आणि नंतर परत खोलीत. तृप्ती दाराशी. मॅडम तिच्याकडे बघत नव्हत्या, खोलीकडे बघत होत्या. संध्याकाळी मी म्हणालो, मॅडम, सही करून टाका, कशाला वेळ घालवता. "सर, तुमी काऊन एवढी घाई करून राहिले?" त्या म्हणाल्या आणि स्कूटीला किक मारली. दोन दिवसांनी परत. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी कुतूहलापोटी फळ्यावर गणित मांडता मांडता त्यांच्याकडेच बघत होतो. जेवणानंतर त्या सकाळच्या जागी बसल्या, आणि लगेच उठल्या. पुन्हा बसल्या. साडी थोडी वर करून घोटा चोळला. मग मला म्हणाल्या, "सर, टोचत नाई आता."

मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. त्या मात्र रांगत एकेक पट्टी उलटून बघू लागल्या. चौथीची मुलं खिदळत होती, मी डोळे वटारत होतो. खिडकीजवळ, चौथीच्या मुलांच्या खाली, त्यांना हवी ती पट्टी सापडली. कडेला उसवलेली, आणि सुमनबाईंनी कधीतरी हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली. सकाळी हाच दोरा त्यांच्या घोट्याला टोचत होता. मला अजून उलगडेना. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "जेवल्यावर पट्ट्या कोन अंथरते?"

कोण अंथरणार! जो उचलेल तो, जशी हाताला येईल तशी. दुपारी उन्हाची तिरीप फळ्यावर येते म्हणून मी वर्गाचं तोंडच दुसऱ्या भिंतीकडे फिरवायचो. बाकी मुलांना त्याचं काय, ढुंगण टेकायला जागा मिळाली की झालं. पण तृप्तीची शाळा म्हणजे ती हिरव्या दोऱ्याची पट्टी होती, भिंतीपासून तिसरी, उजव्या हाताला. जेवून यावं तर शाळाच जागेवर नसे. रोज. आणि ती रोज हलवणारा, वर तिला शिस्त नाही असं लिहिणारा, मीच होतो.

मॅडमनी ती पट्टी सकाळच्या जागी अंथरली, तोंड सकाळच्याच फळ्याकडे, आणि बाजूला झाल्या. तृप्ती चौकट धरून बघत राहिली. फार वेळ गेला. मग तिने चौकट सोडली, आत आली, पायाच्या अंगठ्याने तो दोरा चाचपला आणि बसली. मी 'शाब्बास' म्हणायला तोंड उघडलं तर मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. माझ्या तेहतीस मुलांसमोर मला कोणी असं गप्प केलं नव्हतं. जाताना त्यांनी पर्समधून माझं पत्र काढून दिलं. मी विचारलं, फाडू का? "कायले? ठेवा. पुढच्या लेकराच्या वेळेस वाचाले कामी येईल." ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात निवृत्तीपर्यंत होतं, आणि खरंच दोनदा वाचावं लागलं.

त्यांचं सगळंच असं जमून यायचं, असं कोणी समजू नये. आधी त्या तिरोडा तालुक्यात असताना चोरखमाऱ्याकडच्या एका शाळेत एका मुलीसाठी त्या पाच वेळा बसल्या आणि काही हाती लागलं नाही. ती मुलगी शाळा सोडून गेली. हे मला कोणी दुसऱ्याने नाही सांगितलं. नवीन शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत दर वर्षी त्या स्वतःच उभ्या राहून ते सांगायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "मले समजलं नाई." साहेब लोकांसमोरही. त्यांच्या अहवालात 'मूल सहकार्य करत नाही' हे वाक्य चालत नसे. त्या ते खोडून शिक्षकाला परत पाठवायच्या. चिडायच्याही फार. एका शाळेने चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतारावर सायकली लावल्या, तेव्हा त्यांनी सगळ्या सायकलींची हवा काढली होती.

पुढे शाळेत बेंच आले. पट्ट्या निघाल्या. मी त्या जाळायला काढल्या होत्या, मॅडमनी त्या पट्टीचा हिरवा दोरा असलेला हातभर तुकडा कापून घेतला आणि कडा शिवून तृप्तीला दिला. तो बेंचवर अंथरून ती चौथी झाली, मग मोठ्या शाळेत गेली. आता नववीत आहे, मोजकं बोलते, आणि गणितात माझ्यापेक्षा बरी आहे. दर रविवारी आई तिला नागऱ्याला मॅडमच्या घरी घेऊन जायची. मॅडम खिडकीजवळच्या हाताच्या लाकडी खुर्चीत अहवाल तपासत बसायच्या आणि ही खाली, खुर्चीला टेकून, आपल्या तुकड्यावर. मीही कधी जायचो. दर वेळी विचारायचो, मॅडम, हे बसणं तुम्हाला सुचलं कसं? एकदा म्हणाल्या, कंबर दुखायची म्हणून. एकदा म्हणाल्या, माझ्या भावामुळे, आणि विषय बदलला. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "सर, तुमी एकदा बसून पाहा ना." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

तेरवीला खोली माणसांनी भरली होती. जागा व्हावी म्हणून सामान बाहेर काढलेलं, खाली सतरंजी, आणि खिडकीजवळ टेबलावर हार घातलेला फोटो. तृप्ती आईबरोबर आली, दाराशी आली आणि चौकट धरून थांबली. बायका म्हणाल्या, ये ना बाई, आत ये. कोणी म्हणालं, फोटोले भेली असंन. आई ओशाळून तिचा हात ओढू लागली. मी ती चौकटीवरची बोटं पाहिली आणि ताटावरून उठलो.

खुर्ची अंगणात होती, तिच्यावर पाण्याची कळशी ठेवलेली. कळशी उतरवली, उपरण्याने खुर्ची पुसली. मॅडमचे यजमान म्हणाले, "सर, आत जागा कुठं आहे?" मी म्हणालो, जागा खुर्चीचीच आहे, टेबल सरकवू. दोघांनी मिळून खुर्ची खिडकीशी होती तशी ठेवली, तोंड होतं तिकडे. तृप्तीने चौकट सोडली. खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली, पिशवीतून पट्टीचा तुकडा काढला, खुर्चीत नीट अंथरला, आणि स्वतः खाली नुसत्या सतरंजीवर बसली. जाताना आईने तो उचलायला हात घातला तर तिने आईचा हात धरून बाजूला केला. आणि म्हणाली, "मॅडमची जागा."

गेल्या सोमवारी नागऱ्याला गेलो होतो. यजमान चहा ठेवायला आत गेले. तृप्ती आदल्याच दिवशी येऊन गेली होती. दर रविवारी येते, तुकडा जागेवर आहे ना ते बघते आणि खाली बसते. मी खिडकीशी उभा होतो. मग गुडघे धरत, खिडकीच्या गजाचा आधार घेत, तिच्या जागी बसलो, जन्मात पहिल्यांदा. तिथून खुर्चीची बैठक बरोबर माझ्या खांद्याशी येत होती. तुकड्याची कड बाहेर आलेली होती. मी मनगट तिच्यावर टेकवलं.

हिरवा दोरा अजून टोचतो.